चापाचं बोट

रांतालाच्या हेर्मान्नीचं गवत कापायचं यंत्र दव सुकायच्या आत सुरू व्हायचं आणि त्याचा खडखडाट कांगासच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. सायमी नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे होतं. घोडी वळणावर आली की खडखडाट बारीक व्हायचा, परत निघाली की वाढायचा. हेर्मान्नी शेताच्या कुठल्या कडेला आहे हे तिला खिडकीतून न बघता कळत होतं. आज तो आडकाठ्यांपर्यंत पोचला होता.

"गळ्याचं राहू दे," ताहवो म्हणाला. "गुदमरतं."

तिनं गळ्याचं बटण सोडलं. बुटांचे बंद बांधायला ती खाली बसली तेव्हा त्यानं मान खिडकीकडे वळवली. रोजच वळवायचा.

रांताला आणि कांगास ही दोन घरं तळ्याच्या एकाच उतारावर होती. मध्ये कुंपण होतं आणि कुंपणात एका जागी काढता-घालता येतील अशा तीन आडकाठ्या. यंत्र रांतालाचं होतं. ताहवोच्या बापाच्या वेळेपासून रीत अशी होती की हेर्मान्नीचं गवत कापून झालं की तो खाली उतरायचा, काठ्या बाजूला ठेवायचा आणि तसाच कांगासच्या शेतात शिरायचा. त्याआधी कांगासची माणसं रांतालाच्या शेतात खुंटे रोवून त्यांवर गवत वाळत घालून आलेली असायची. कुणी कुणाला बोलावत नसे, कुणी आभार मानत नसे. ज्याला बोलवावं लागतं तो शेजारी कसला, असं म्हातारी लोव्हिसा म्हणायची.

या वर्षी सायमी एकटीच खुंटे रोवायला गेली होती. हेर्मान्नीच्या बायकोनं, ईदानं, तिला ताक दिलं होतं, पण दोघींत बोलणं झालं नव्हतं.

खडखडाट थांबला. लोव्हिसा, ताहवोची आई, खिडकीपाशी लोकर पिंजत बसली होती. तिचे डोळे दूरचं अजून चांगलं बघायचे.

"उतरला," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "वळला."

"घोडीला पाणी पाजायला नेत असेल," सायमी म्हणाली.

"रांतालाच्या घोडीला इतकी तहान कधीपासून लागायला लागली?"

दुपारपर्यंत यंत्र परत आलं नाही. संध्याकाळी सायमीनं शेडच्या दाराला टेकवलेला लांब दांड्याचा विळा काढला आणि पात्याला धार लावायला बसली.

कांगासचा घोडा पोल्ले हिवाळ्यापूर्वी सैन्यानं नेला होता. मार्चमध्ये युद्ध थांबलं, काहींचे घोडे परत आले, पोल्ले आला नाही. ताहवो एप्रिलमध्ये आला. त्याच्या दोन्ही हातांचे अंगठे शाबूत होते. उजव्या हाताची बोटं मधल्या पेरापर्यंत होती, डाव्याच्या तर्जनीचा एक तुकडा राहिला होता आणि बाकी काही नव्हतं. थंडीनं खाल्ली, डॉक्टरांनी कापली. गोठ्यात चार गायी होत्या. गवत पावसाच्या आत खुंट्यांवर चढलं नाही तर ऑक्टोबरात त्यातल्या दोन खाटकाकडे जाणार, हे घरात तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणी ते बोललं नव्हतं.

*

विळा धरायला ताहवोला जमत नव्हतं. दांडा फिरवताना जोर अंगठ्यावर यायचा आणि पातं गवतात न शिरता वरून घसरायचं. दोन दिवस सायमीनं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं जाड लोकरीचा एक हातमोजा विणला, तळव्याला जुन्या खोगिराचं चामडं शिवलं आणि त्याला एक पट्टा लावला. हात मोज्यात, मोजा दांड्याला, पट्टा मनगटावर. पट्टा आवळायचं काम तिचं. ती शेताच्या दुसऱ्या टोकाला असली तर तो दातांनी आवळायचा.

"बेडकाचा पाय," लोव्हिसानं मोजा बघून म्हटलं. "पुन्हा तोच."

ती अंगठ्याबद्दल बोलत होती. या गावात मोज्याचा अंगठा तळव्यात भोक ठेवून विणतात. सायमीच्या माहेरी, समुद्राकडे, तो मनगटापासूनच रुंद होत जातो, म्हणजे हात पुरता ताणता येतो. लग्न होऊन आल्यावर सायमीनं इथला अंगठा शिकून घेतला होता आणि माहेरचा सोडून दिला होता. मधे फक्त एकदा, शरद ऋतूत, तिनं तो विणला होता.

तेव्हा गावातल्या सगळ्याच बायका सैन्यासाठी हातमोजे विणत होत्या. अंगठा वेगळा, बाकीची बोटं एका घरात, आणि बंदुकीचा चाप ओढायचं बोट तेवढं निराळं. सायमीनं ताहवोला तसेच विणून दिले. त्यानं ते घालून बघितले आणि काढून ठेवले.

"हे चापाचं बोट नको," तो म्हणाला होता. "मला जखमींना पट्ट्या बांधायच्या आहेत. मधे मधे येईल."

"बंदूक देणारच नाहीत तुला?"

"देतील. मी ठेवीन कुठेतरी."

तिनं मोजे उसवले आणि पुन्हा विणले, चापाच्या बोटाशिवाय, आपल्या आईच्या पद्धतीचा अंगठा घालून. तो ते घालून गेला. एप्रिलमध्ये ती त्याला आणायला इस्पितळात गेली, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले ते दोन गोळे तिनं बघितले आणि तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मोजे कुठे आहेत?"

"हरवले," ताहवो म्हणाला होता.

त्या एका शब्दाचा राग तिच्या मनातून अजून गेला नव्हता. त्याच्या शर्टाची बटणं लावताना, त्याच्या पावाला लोणी फासताना तो वर यायचा. एक जोड मोजे सांभाळता आले असते तर. मग तिला आपल्या रागाची लाज वाटायची आणि ती बटण जरा जास्तच हळुवार लावायची.

*

शुक्रवारी आर्मास दुधाची गाडी घेऊन रस्त्यानं चालला होता. डेअरीचे कॅन गोळा करणं हे त्याचं काम. ताहवोच्याच तुकडीत तो होता. कुंपणापाशी त्यानं घोडा थांबवला.

"काय पट्टीवाले, आता स्वतःलाच बांधून घेतलंस?"

"सुटून पळेन म्हणून बायकोनं बांधलंय," ताहवो म्हणाला.

आर्मास हसला. सायमी विळा टेकवून वर आली तसं त्याचं हसू आवरलं. त्यानं टोपी पुढे ओढली, पश्चिमेकडे बघितलं, "पाऊस येणार असं वाटतंय," असं काहीतरी म्हणाला आणि गाडी हाकली. तो आपली नजर चुकवतोय हे सायमीच्या लक्षात आलं. का, ते आलं नाही.

आठवडाभरात दोघांनी मिळून जेवढं कापलं तेवढं यंत्रानं एका सकाळीत झालं असतं. उरलेलं गवत पिकून कडक व्हायला लागलं होतं. शनिवारी सकाळी सायमीनं एप्रन बदलला, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि ती आडकाठ्या ओलांडून वर गेली. मागायला निघाली होती. लोव्हिसानं तिला जाताना बघितलं आणि लोकरीत मान घातली.

हेर्मान्नी कोठाराच्या सावलीत यंत्राचं पातं गुडघ्यांवर घेऊन कानशीनं घासत होता. मोठ्या हाडाचा माणूस, पण मार्चपासून कपडे अंगावर ढिले झाले होते. ईदा विहिरीपाशी होती. ती बादली भरल्यावरही तिथून हलली नाही.

"दिवस चांगला आहे, मालक," सायमी म्हणाली.

"आहे."

"आमच्याकडचं अर्धं उभं आहे अजून."

"दिसतं इथून."

कानस चार-पाच वेळा फिरली. मग सायमीनं ते म्हटलं, जे या दोन घरांमध्ये कधी कुणाला म्हणावं लागलं नव्हतं. "एक दिवस विर्मा आणि यंत्र मिळालं तर."

"घोडी लंगडते आहे," हेर्मान्नी म्हणाला. "एका शेतापुरतीच होती ताकद तिची."

विर्मा सैन्यातून परत आलेली घोडी. तिला यंत्र ओढताना सायमीनं बघितलं होतं. मागच्या पायावर किंचित दबत होती, नाही असं नाही. पण निमित्तं अशीच असतात, तिला वाटलं. अगदी खोटी नसतात.

"लंगडते म्हणून नाही देत, की दुसरं काही?"

हेर्मान्नीनं कानस खाली ठेवली. "माझा ओन्नी बर्फात पडून हाका मारत होता. तुझा नवरा घसरगाडी घेऊन त्याच्या जवळून गेला. थांबला नाही. पुढे जाऊन कुणा परक्याला घातलं गाडीत आणि घेऊन आला. लहानपणापासून ज्या पोरानं तुमच्या अंगणात जेवण केलं, त्याला ओलांडून गेला." त्यानं हे आवाज न चढवता म्हटलं, हवामान सांगावं तसं. "आर्मासनं खंदकातून बघितलंय. मी त्याला विचारलं नव्हतं, प्यायल्यावर बोलला."

सायमीनं ईदाकडे बघितलं. ईदाचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यात राग नव्हता. भीती होती. तिनं बादली उचलली आणि पाणी सांडत घाईघाईनं आत निघून गेली.

*

शनिवारी सौना, वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायची. सायमीनं दुपारीच लाकडं लावली होती. लोव्हिसा आधी आंघोळ करून गेली, मग ही दोघं. संध्याकाळ उजेडी होती, छोट्या खिडकीतून तळं दिसत होतं. वरच्या बाकावर बसून सायमीनं त्याची पाठ घासली, मग त्याचे हात आपल्या मांडीवर घेतले. कापलेल्या टोकांची कातडी पातळ आणि लाल होती, नव्या बटाट्यासारखी. तिथं साबण हळू लावावा लागे.

"खाजतंय?"

"जी नाहीत तीच खाजतात."

तिनं नसलेल्या बोटांच्या जागी हवेत खाजवल्यासारखं केलं. ही त्यांची एक थट्टा होती, इस्पितळापासूनची. तो हसला. तेव्हा तिनं विचारलं.

"ओन्नीच्या जवळून गेलास तू?"

"गेलो."

"तो हाका मारत होता?"

"मारत होता."

दगडांवरची वाफ ओसरली होती. ताहवोनं दोन्ही तळव्यांत पळी धरून पाणी टाकलं. वाफ फुसकन वर आली आणि दोघांच्या माना खाली गेल्या.

"दुसऱ्याची मांडी फुटली होती," तो वाफेतून म्हणाला. "रक्त उडत होतं. आवळून बांधली आणि लगेच मागे नेला तर वाचणार होता. वाचला."

"आणि ओन्नी?"

त्यानं आपल्या पोटावर, बेंबीच्या खाली, हात आडवा ठेवला आणि काढून घेतला.

सायमीनं साबण खाली ठेवला. "मग जाऊन सांग हेर्मान्नीला."

"काय सांगू? तुमच्या पोराकडे बघितलं आणि मला कळलं, म्हणून निघालो? त्याला वाटतंय, ताहवोनं उचलला असता तर पोरगा आज घरी असता. वाटू दे. रागवायला कुणीतरी असलं की माणूस तग धरतो, सायमी. मी हा इथं शेजारीच आहे. सोयीचा आहे."

"आणि आपल्या गायी?"

"त्याचंच वाईट वाटतं," ताहवो म्हणाला.

वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी तिनं पाण्यात बुडवली आणि त्याच्या खांद्यांवर मारायला सुरुवात केली, हवं त्यापेक्षा जोरात. तो हलला नाही. मग ती थांबली आणि तिनं कपाळ त्याच्या ओल्या पाठीला टेकवलं.

*

सोमवारी पश्चिमेला ढग जमू लागले. दुपारी ताहवो आणि सायमी कुंपणाच्या बाजूला कापत होते. ऊन चढल्यावर ताहवोनं हात सोडवून घेतला, चामडी मोजा आडकाठीवर टाकला आणि पाणी प्यायला सावलीत गेला. तळ्याकडे जाणारी पायवाट तिथूनच जाते. ईदा धुण्याची टोपली घेऊन उतरत होती. नुसती मान हलवून ती पुढे जाणार होती, पण थांबली.

तिनं मोजा उचलला. चामडं बघितलं नाही, पट्टा बघितला नाही. अंगठा दोन बोटांत धरून उलटा केला आणि आतली वीण बघितली.

"हा कुणी विणला?"

"मीच," सायमी म्हणाली.

"असा अंगठा इथं कुणी विणत नाही."

"माझ्या आईचा आहे. समुद्राकडे असाच विणतात. सासूबाई बेडकाचा पाय म्हणतात त्याला."

"आणखी कुणाला विणून दिलेस असे? सैन्याला पाठवलेस?"

"सैन्याचे नमुन्याप्रमाणे केले. असे एकदाच, ताहवोला. चापाच्या बोटाशिवाय. पट्ट्या बांधायला म्हणून." नको होतं तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "ते त्यानं हरवले."

ईदानं मोजा आडकाठीवर होता तसा ठेवला. धुण्याची टोपली तिथंच गवतात सोडून ती चढावरून वर गेली. तिच्या वयाच्या बाईला एवढ्या वेगानं चढ चढताना सायमीनं बघितलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा एप्रनच्या ओच्यात काहीतरी होतं. ताहवो सावलीतून उठून उभा राहिला होता. ईदानं आडकाठीवर एक जोड मोजे ठेवले. राखाडी, आखडलेले, एका तळव्यावर तपकिरी डाग. न धुतलेले.

सायमीला हात लावायची गरज पडली नाही. आपली वीण माणूस दुरूनही ओळखतो. तिनं ताहवोकडे बघितलं.

"हरवले म्हणालास."

"हो," ताहवो म्हणाला.

"शवपेटीत ओन्नीच्या हातांत होते," ईदा बोलू लागली. ती सायमीशी बोलत होती, ताहवोकडे बघायचं टाळत. "चर्चच्या मागच्या खोलीत मी त्याला धुतलं. मोजे हाताला गोठून बसले होते, गरम पाणी घालून सोडवले. मी त्याला विणून दिले ते चापाचे होते, आणि हे बिनचापाचे. असे मोजे घालून बंदूक चालवता येत नाही. म्हणजे तेव्हा तो चालवत नव्हता." तिनं श्वास घेतला. "मला वाटलं, पोरानं बंदूक टाकली. पळत होता आणि पळताना मारला. हेर्मान्नीला दिसायच्या आत मी ते पिठाच्या पेटीत घातले. रोज पीठ काढताना हाताला लागतात. आणि हा घरी आला तसं मला वाटायला लागलं, याला ठाऊक आहे. हा बोलेल. म्हणून मी तुमच्या दारात येत नव्हते. हेर्मान्नी रागानं येत नव्हता. मी भीतीनं."

ढगांमुळे ऊन गेलं होतं. ताहवो कुंपणापाशी आला. मोज्यांना त्यानं हात लावला नाही.

"पळत नव्हता, मालकीणबाई. बंदूक त्याच्या हातातच होती. बोटं लोखंडाला धरून गोठली होती, एकेक करून मी सोडवली. तुमचे मोजे रक्तानं भिजून लाकडासारखे झाले होते. तो म्हणाला, हात गार पडलेत. मग ते काढले आणि माझे घातले."

"केव्हा?"

"पहिल्यांदा गेलो तेव्हाच."

"आर्मास म्हणतो थांबला नाहीस."

"मी वाकलो की खंदकातून दिसत नसेन. गोळ्या चालल्या होत्या, वाकावंच लागत होतं."

"मग दुसऱ्याला घेऊन गेलास. उघड्या हातांनी."

"घसरगाडीचा दोर भिजलेला होता," ताहवो म्हणाला, जणू दोष दोराचा होता.

"ओन्नीला का नाही नेलंस?" ईदानं आता त्याच्याकडे सरळ बघितलं. "खरं सांग. मी धुतलंय त्याला. मी बघितलंय पोट."

"तुम्ही बघितलंत तेच मी बघितलं."

ईदानं मान हलवली, एकदाच.

"परत आलास का मग?"

"येतो म्हणून सांगितलं होतं त्याला."

"होता तो?"

"होता. बराच वेळ होता. हलवलं तर दुखत होतं, म्हणून मीच त्याच्याजवळ आडवा झालो. गळपट्टा दोघांच्या तोंडावर घेतला. बोलत होता मधून मधून." ताहवो थांबला. मग त्यानं खाली बघून म्हटलं, "एक निरोप होता. तो मी पोचवला नाही. असे हात घेऊन तुमच्या दारात उभं राहायचं झालं नाही माझ्याच्यानं. म्हणाला, बाबांना सांग, विर्मा परत आली तर मागचा उजवा खूर कापून बघा. आत काहीतरी जुनं आहे. ती दाखवत नाही, पण दुखतं तिला."

ईदानं तोंडावर एप्रन धरला. रडण्याचा आवाज तिनं होऊ दिला नाही. ती म्हणाली, "दाखवत नाही. त्याच्या बापासारखी." आणि मग, "नंतर तूच आणलंस त्याला?"

"तिथं कसा ठेवणार? आपल्या माणसाला आपल्या मातीत आणायचं असतं."

सायमीनं मोजे उचलले. डागाकडे तिनं बघितलं, अंगठ्यातून आपलं बोट फिरवलं. वीण कुठेही सुटली नव्हती. तिनं ते ईदाच्या हातात परत दिले.

"हे त्याचेच आहेत," ती म्हणाली.

ईदा टोपली न घेताच घरी गेली. तिचं धुणं सायमीनं तळ्यावर धुऊन आणलं आणि पिळून आडकाठ्यांवर वाळत घातलं.

त्या संध्याकाळी ताहवोला सूप भरवताना सायमीचा चमचा थांबला. "मी एवढे दिवस तुझ्यावर रागावले होते," ती म्हणाली. "मोज्यांवरून."

"माहीत आहे. बटणं लावताना कळायचं."

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू बटणं इतक्या प्रेमानं लावली नसतीस," तो म्हणाला. तिनं चमचा त्याच्या तोंडात जरा घाईनंच घातला. लोव्हिसा लोकरीत मान घालून हसली आणि खोकल्याचं निमित्त केलं.

*

सकाळी यंत्राचा आवाज आला नाही. दव होतं, ढग तळ्यापलीकडच्या टेकडीवर टेकले होते. सायमी बटणांपाशी होती तेव्हा लोव्हिसानं खिडकीतून म्हटलं, "काठ्या काढतोय."

"यंत्र?"

"नाही. पायीच आहे. खांद्यावर विळा आहे."

बाहेर आल्यावर सायमीला दिसलं. हेर्मान्नीनं ईदाच्या धुण्याची घडी घालून कुंपणावर ठेवली होती. तिन्ही आडकाठ्या एका बाजूला रचल्या होत्या. त्याच्या मागून ईदा लाकडी दाताळं घेऊन येत होती. हेर्मान्नीनं कुणाकडे न बघता कोपऱ्यातून पहिला घाव घातला. साठीला आलेला माणूस, पण पातं गवताच्या बुडाशी सरळ गेलं आणि गवत एका ओळीत झोपलं.

सायमी आणि ताहवो जवळ पोचले तेव्हा तो थांबला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्यानं पात्यावरचं ओलं गवत पुसलं.

"काल संध्याकाळी खूर कापला," तो म्हणाला. "पू निघाला, वाटीभर. आता पाय टेकते आहे नीट. आठवडाभर उभी ठेवावी लागेल, म्हणून यंत्र नाही आणलं."

"घाई नाही," ताहवो म्हणाला.

"आहे घाई. पाऊस येतोय." हेर्मान्नीनं ढगांकडे बघितलं. "आर्मासलाही बोलावलंय. दूध पोचवून येईल. त्याला म्हटलं, बघितलंस तेवढं सगळ्यांना सांगत सुटलास, आता बाकीचं ये आणि बघ."

बोलावलंय, असं तो म्हणाला. सायमीनं ते ऐकलं. मागून येणाऱ्या लोव्हिसानंही ऐकलं, आणि तिनं त्यावर काही म्हटलं नाही.

सायमी खुंटे आणायला शेडकडे वळली. ईदानं दाताळं गवतात घातलं. ताहवोनं चामडी मोज्यात हात सारला, मोजा दांड्यावर बसवला आणि सवयीनं पट्ट्याचं टोक दातांत धरलं.

"थांब," हेर्मान्नी म्हणाला.

त्यानं आपला विळा जमिनीवर ठेवला आणि जवळ आला. पट्टा त्याच्या दातांतून काढून घेतला. म्हाताऱ्या माणसाची जाड बोटं त्या लहानशा बकलाशी बराच वेळ झटत राहिली. ताहवो त्याच्या डोक्यावरून तळ्याकडे बघत उभा होता, रोज सकाळी खिडकीकडे बघायचा तसा. मग त्यानं मान वळवली आणि हेर्मान्नीच्या हातांकडे बघितलं.

खुंटे खांद्यावर घेऊन सायमी परत येत होती. ती वाटेतच थांबली.

"घट्ट झालं?" हेर्मान्नीनं विचारलं.

"नाही."

हेर्मान्नीनं वर बघितलं. पट्ट्याच्या कडेला मनगटाची कातडी पांढरी पडली होती.

"झालंय," ताहवो म्हणाला. "थोडं."

हेर्मान्नीनं पट्टा एक भोक सैल केला, आत बोट घालून बघितलं आणि बक्कल पुन्हा लावलं.

"असं सांगत जा," तो म्हणाला, आणि आपला विळा उचलायला खाली वाकला.